करिता

हुडकेश्वरच्या त्या घरात खोली बघायला मी आणि आई गेलो, तेव्हा घरमालकांनी आम्हाला आडनाव विचारलं नाही, मांस-मच्छी खाता का विचारलं नाही, कॉलेज किती वाजता सुटतं हेही विचारलं नाही. आई या तिन्ही प्रश्नांची उत्तरं भिवापूरपासून बसमध्ये पाठ करत आली होती. घरमालकांनी माझ्या मांडीवरच्या फायलीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "याच्यात कोणाकोणाच्या सह्या हायेत?"

मला प्रश्न कळला नाही, म्हणून मी अख्खी फाइलच दिली. ते खिडकीजवळ बसले. खिशातून भिंग काढलं. दहावीची गुणपत्रिका उलटवली, "छापील सही, कामाची नाही." शाळा सोडल्याचा दाखला पाहिला, "हेडमास्तर माणूस बरा हाय, पण घाईत राहते." मग ग्रामपंचायतीच्या रहिवासी दाखल्यावर थांबले.

"तुमची सरपंच बाई हाय ना?"

"हो."

"ही सही बाईची नाही. तिच्या नवऱ्यानं केली."

आईचा चेहरा उतरला. तिला वाटलं, दाखला गेला आणि दाखल्यासोबत कॉलेजही गेलं. ती म्हणाली, "साहेब, आमच्यासमोरच शिक्का मारला जी."

"शिक्का खराच हाय बाई. सही करिता हाय."

खोली आम्हाला मिळाली. परतताना आई बसस्टॉपपर्यंत एकच विचारत होती, "करिता म्हंजे काय वं?" मी कॉलेजात जाणारी आमच्या घरातली पहिली, त्यामुळे असे प्रश्न माझ्याकडेच यायचे. मला सांगता आलं नाही. पुढे तीन वर्षं मी त्या घरात राहिले आणि त्या एका शब्दाचा अर्थ मला जितका शिकायला मिळाला तितका कॉलेजात कुठलाच विषय मिळाला नाही.

काका (मी त्यांना काकाच म्हणायचे) चौतीस वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावक शाखेत होते. येणाऱ्या पत्राला नंबर द्यायचा, जाणाऱ्या पत्राला नंबर द्यायचा. "मधात त्या पत्राचं काय होते, त्याच्याशी आपला संबंध नाही," असं ते समाधानाने सांगायचे. कचेरीत साहेब जागेवर नसले की खालचा कोणीतरी सही करतो आणि साहेबांच्या हुद्द्यापुढे बारीक अक्षरात 'करिता' लिहितो. म्हणजे सही साहेबांची नाही, साहेबांसाठी आहे. काकांच्या मते हा उघड करिता. तो निदान प्रामाणिक असतो. दुसरा चोर करिता. त्यात शब्द लिहिलेला नसतो, साहेबांच्या सहीची हुबेहूब नक्कल असते. जगातला बहुतेक कारभार चोर करितावर चालतो, असं काकांचं मत होतं. दूधवाल्याने पोराला पाठवलं की ते काकूंना आतून ओरडून सांगायचे, "आज दूध करिता आलं वं, पाणी पाहून घे."

ते जमवायचे ती पुढाऱ्यांच्या सह्यांची पत्रं. नागपूर राजधानी होती तेव्हाच्या मंत्र्यांची पत्रं इतवारीच्या रद्दीत अजून सापडतात. तिथपासून ते परवा पडलेल्या आमदारापर्यंत सगळे त्यांच्याकडे होते. खरी सही असलेली पत्रं गव्हाच्या लोखंडी कोठीत, कडुनिंबाच्या पाल्यात. चोर करिता ठरलेली पत्रं जिन्याखालच्या गोणीत. गोणी कोठीपेक्षा खूप मोठी होती.

काकूंचा या कोठीवर राग होता. "गहू डब्यात, तांदूळ बोरीत, अन् पुढारी कोठीत," त्या म्हणायच्या. "पोरीले पाह्यले आलेल्या लोकायनं इचारलं, कोठीत काय हाय. मी म्हटलं, सरकार हाय. ते लोक चहा पिऊन गेले ते गेलेच."

"त्याईले सरकार आवडत नसन," काका म्हणाले.

"त्याईले गहू पायजे होता जी."

मुलीचं लग्न नंतर चांगल्या ठिकाणी झालं. ती पुण्याला असते. पण पत्रिका छापताना काकांनी प्रत्येक पत्रिकेवर स्वतः सही करायचा हट्ट धरला होता, कारण छापील नावाने बोलावणं म्हणजे करिता बोलावणं. सव्वाचारशे पत्रिकांनंतर त्यांचं मनगट सुजलं आणि लग्नात त्यांनी सगळ्यांना डाव्या हाताने नमस्कार केला. काही लोक अजून रागावलेले आहेत.

सही मिळवायची त्यांची एक पद्धत होती. "निवडून आलेला छापते, पडलेला लिहिते," हे त्यांचं मुख्य सूत्र. मतमोजणीच्या दिवशी अख्खी गल्ली टीव्हीसमोर कोण जिंकलं ते बघायची. काका वही घेऊन कोण पडलं ते लिहायचे. सत्तेतल्या माणसाच्या सह्या दुसरेच करतात. पडल्यावर मात्र त्याच्याकडे वेळ असतो, फोन वाजत नाही, आणि आलेलं प्रत्येक पत्र तो स्वतः उघडतो. म्हणून निकालाच्या दुसऱ्या दिवशी काकांची पत्रं पेटीत पडायची. 'आपल्या पराभवाने मी व्यथित झालो आहे.' पक्ष कोणताही असो, व्यथा तीच.

माझं अक्षर बरं आहे, म्हणून दुसऱ्या वर्षापासून ती पत्रं मी लिहू लागले. एकदा माझ्याकडून मोठी चूक झाली. एकाच मतदारसंघात एकमेकांच्या उरावर बसलेले दोन उमेदवार दोघेही पडले होते, तिसराच निवडून आला होता. मी दोघांची पत्रं लिहिली आणि पाकिटं बदलली. आठवडाभर मला जेवण गेलं नाही. काकांना सांगायचा धीरही झाला नाही. मग उत्तरं आली. एकाने लिहिलं होतं, 'आपल्या सदिच्छांबद्दल आभारी आहे.' दुसऱ्याने लिहिलं होतं, 'आपण मला त्या माणसाच्या नावाने हाक मारली आहे. माझा अपमान मतमोजणीच्या दिवशीच पुरेसा झाला होता.'

मी रडायच्या बेतात होते. काकांनी पहिलं पत्र गोणीत टाकलं आणि दुसरं दोन्ही हातांनी धरून कोठीकडे नेलं.

"यानं वाचलं," ते म्हणाले. "मूळ माणूस हाय. तू त मोठं काम केलं वं."

त्यानंतर ते मला प्रत्येक पत्रात एकेक चूक मुद्दाम टाकायला सांगू लागले. मी नाही म्हटलं. मला ते बरोबर वाटत नव्हतं. ते म्हणाले, "ठीक हाय, तुझ्याकडून आपोआप होईन तवा होईन."

हिवाळा त्यांचा सणासारखा असायचा. अधिवेशनासाठी अख्खं सरकार मुंबईहून नागपुरात येतं, आणि सरकारच्या मागे मोर्चे येतात. काका सकाळी शेव-चिवड्याची पुडी घेऊन मोर्चे अडवतात त्या चौकात जाऊन उभे राहायचे. मोर्चातल्या चार-पाच लोकांचं शिष्टमंडळ मंत्र्याला भेटायला आत सोडतात. काका प्रत्येक मोर्चाच्या पुढाऱ्याला विचारायचे, "शिष्टमंडळात किती लोक हायेत?" चार असले की पाचवे ते.

एकदा ते शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बायांच्या शिष्टमंडळात गेले. चार बाया आणि काका. मंत्र्यांनी त्यांना विचारलं, "आपण काय करता?"

"खिचडी," काका म्हणाले.

घरी त्यांना चहाचं आधणही ठेवता येत नाही. मंत्र्यांनी विचारलं, किती मुलांची करता. काका म्हणाले, "वरून आदेश येते तेवढ्यायची." मंत्री हसले आणि निवेदनावर स्वतःच्या पेनने शेरा मारून सही केली. सही मूळ. काकांनी कागदाचं एक टोक धरलं. दुसरं टोक मोर्चाच्या ताईंनी धरलं. ताई रोज चाळीस पोरांना ओळीत बसवणाऱ्या, त्यांनी फक्त काकांकडे पाहिलं आणि काकांनी कागद सोडला.

पण मनातून सोडला नाही. ताईंनी निवेदन कचेरीत दिलं आणि ते फाइलला लागलं. निकाली निघालेली फाइल शेवटी रेकॉर्ड रूममध्ये जाते हे त्यांना ठाऊक होतं, आणि तिथून कागद मागता येईल अशी त्यांना आशा होती. पण त्यासाठी फाइल आधी निकाली निघायला हवी. म्हणून ते दोन महिने तिच्या मागे लागले. या टेबलावरून त्या टेबलावर, रोज. "हे निकाली काढा जी, मले कागद पायजे." कारकून कंटाळले, त्यांनी फाइल पुढे ढकलली, पुढच्यांनी अजून पुढे. बायांचं थकलेलं मानधन मिळालं. पन्नास बाया हुडकेश्वरला आल्या आणि काकांच्या खांद्यावर शाल घातली. ताईंनी भाषण केलं. म्हणाल्या, आमच्या लढ्यात असा निःस्वार्थी माणूस आम्ही पाहिला नाही. काका खाली मान घालून ऐकत होते. तो कागद त्यांना मिळाला नव्हता. लोकांना वाटलं, विनय.

त्यांच्या सगळ्या संग्रहात अकरा पत्रं मात्र कोठीत नव्हती. ती देवघराच्या खालच्या खणात होती. अकराही एकाच माणसाची. त्यांना मी मोठे साहेब म्हणेन. राज्याच्या पार दुसऱ्या टोकाचे, अनेकदा मंत्री झालेले आणि अनेकदा पडलेले. ते निवडणूक हरले, मंत्रिपद गेलं, तिकीट कापलं गेलं, की प्रत्येक वेळी काकांनी त्यांना लिहिलं होतं आणि प्रत्येक वेळी उत्तर आलं होतं. बावीस वर्षांत अकरा. पहिली तीन साधीच होती. चौथं काकांची आई गेली त्या वर्षीचं. काकांनी आपल्या पत्रात आईचं एका ओळीत लिहिलं होतं. उत्तरात होतं:

'आपण आवक-जावक पाहता असे आपण कळवले होते. आई ही घराची आवक असते. ती थांबल्यावर नुसती जावक उरते, आणि तिची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.'

आईच्या तेरवीला कचेरीतून कोणी आलं नव्हतं, हे मला काकूंनी सांगितलं. हे पत्र आलं होतं. घरी आलेल्या प्रत्येकाला काका ते वाचून दाखवायचे. गॅसवाल्यालाही दाखवलं होतं. "एवढा मोठा माणूस, मंत्रिपद गेलेलं," ते म्हणायचे, "अन् हे वाक्य जुळवत बसला, एका आवक-जावकवाल्यासाठी." इथे ते भिंग पुसायला घ्यायचे.

तिसऱ्या वर्षी मी आमच्या इतिहासाच्या मॅडमना भीत भीत या पत्रांबद्दल सांगितलं. मॅडम घरी आल्या, कोठी पाहिली, काकूंच्या हातच्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या खाल्ल्या, आणि कॉलेजच्या ग्रंथालयात प्रदर्शन भरवायचं ठरलं. मधल्या टेबलावर मोठ्या साहेबांची अकरा पत्रं. लेबलं मी लिहायची, प्रत्येकावर कोणाचं पत्र, कोणाला, आणि खाली 'मूळ स्वाक्षरी'. काकांनी नवीन चष्मा केला.

प्रदर्शनाला पंधरा दिवस असताना मागच्या गल्लीतले बँकवाले काका आले. ते बँकेतून निवृत्त झालेले, आयुष्यभर चेकवरच्या सह्या पडताळून पाहिलेले. दोघांची रोजची चेष्टा चालायची. काकांनी अभिमानाने अकरा पत्रं दिवाणावर ओळीत मांडली. बँकवाल्यांनी भिंगही घेतलं नाही. हात मागे बांधून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले.

"सगळ्या सारख्याच हायेत," ते म्हणाले.

"मंग? एकाच माणसाच्या हायेत."

"म्हणूनच म्हणून राहिलो. बावीस वर्षं पुढाऱ्याची सही अशी राहत नाही गा. निवडून आला की लांब होते, पडला की आखडते, म्हातारपणी थरथरते. हे पाह्य, पहिली अन् अकरावी. केसाचा फरक नाही. एवढी सारखी सही फक्त कारकुनाची राहते."

काका स्वतः कारकून होते. त्यामुळे हे त्यांना दोन्हीकडून लागलं. त्या दिवशी जेवताना वडाभात समोर असून त्यांनी हात लावला नाही, तेव्हा काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "डॉक्टरले दाखवायचं का वं?" मी सांगितलं, डॉक्टरचं काम नाही.

दुसऱ्या दिवशी मी लेबलं लिहायला बसले. त्या अकरांपाशी आल्यावर काका म्हणाले, "याचं कोरं ठेव."

"काका, बँकवाले काका चेष्टा करत असतील."

"नाही. त्याचं बरोबर असू शकते. मी पाहत होतो बावीस वर्षं, अन् मले सारखी दिसली म्हणून खरी वाटली." त्यांनी भिंग खिशात ठेवलं. "माहीत नसताना मूळ लिहिलं, त मग मी बी चोर करिताच झालो."

अधिवेशन सुरू झालं होतं. मोठे साहेब आता खूप म्हातारे होते, पण नागपूरला आले होते आणि सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी बंगल्यावर उतरले होते. काकांनी ठरवलं, साहेबांनी डोळ्यासमोर एक सही करायची. जुळली तर मूळ. त्यांनी कोट घातला, अकरा पत्रं कापडी पिशवीत घेतली, आणि मला म्हणाले, "तू बी चाल. माझे डोळे तवा कामाचे राहतीन न राहतीन."

बंगल्याच्या फाटकावर भेटीची चिठ्ठी भरावी लागायची. नाव, गाव, भेटीचे कारण. आमच्या पुढच्या लोकांनी बदली लिहिलं होतं, रस्ता लिहिलं होतं, नातवाची नोकरी लिहिलं होतं. काकांनी लिहिलं, 'सही तपासणे.'

चिठ्ठी आत गेली. दोन मिनिटांत शिपायाऐवजी अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घातलेले एक गृहस्थ जवळजवळ पळतच बाहेर आले. पासष्टीच्या आसपास, बारीक, कानावर पेन. ते साहेबांचे स्वीय सहायक होते.

"आपण कोणत्या खात्याकडून आलात?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"आवक-जावक," काका सवयीने म्हणाले.

सहायकांचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे तिथपासून चौकशी काढलीय?"

"चौकशी नाही जी. साहेबांची एक सही पायजे. डोळ्यासमोर."

"डोळ्यासमोर?" दुकानात नसलेली वस्तू कोणी मागावी तसा त्यांचा चेहरा झाला. "साहेब सकाळी सह्या करत नाहीत."

"मंग दुपारी येतो."

"दुपारी झोपतात."

"संध्याकाळी?"

सहायकांनी माझ्याकडे पाहिलं. मला इतकी लाज वाटली की मी खरं तेच बोलून गेले. "सर, कॉलेजात प्रदर्शन आहे. एक लेबल लिहायचं राहिलंय." त्यांना त्यात काय वाटलं माहीत नाही. ते म्हणाले, "या."

मोठे साहेब हिरवळीवर उन्हात बसले होते. गळ्यात मफलर, गुडघ्यांवर शाल, चेहरा फार प्रेमळ. "या, या. कुठून आलात?"

"हुडकेश्वरहून जी."

"वा. तिकडे पाऊस कसा आहे?"

डिसेंबर चालू होता. काका म्हणाले, "बरा हाय."

मग काकांनी कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवला, पेन उघडून दिलं आणि एक पाऊल मागे सरकून भिंग काढलं. साहेबांनी पेन हातात धरलं. कागदाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान वर करून, घरात चष्मा कुठे ठेवला ते बायकोला विचारावं तसं त्यांनी सहायकांना विचारलं, "अहो, माझी सही कुठे आहे?"

"माझ्याकडे आहे साहेब."

"मग द्या की यांना. लांबून आलेत."

आणि त्यांनी पेन सहायकांच्या हातात दिलं. सहायकांनी वाकून, एका श्वासात सही केली. सुरुवातीचं मोठं वळण, मधली वेलांटी, शेवटच्या रेघेखाली टिंब. काकांना भिंग डोळ्याला लावावंच लागलं नाही. ती बारावी होती.

"घ्या," साहेब आनंदाने म्हणाले. "आणि चहा घेऊन जा."

चहा आम्हाला बाजूच्या खोलीत दिला. काकांनी कपाला हात लावला नाही. त्यांनी पिशवीतून अकरा पत्रं काढली आणि टेबलावर ठेवली, एकावर एक. मला वाटलं, आता ते रागावतील. मी मनातल्या मनात सहायकांची माफी मागायची वाक्यं जुळवायला लागले.

सहायकांनी वरच्या पत्रावरचा पत्ता वाचला आणि खाली बसले.

"हुडकेश्वर," ते म्हणाले. "तुम्ही ते. आवक-जावक." मग पत्राकडे न बघता, दाराकडे बघत म्हणाले, "आई ही घराची आवक असते. ती थांबल्यावर नुसती जावक उरते, आणि तिची नोंद कोणत्याही वहीत होत नाही."

काकांनी पिशवी खाली ठेवली आणि ते त्यांच्याकडे वळले.

"मी पण आवक-जावकलाच होतो," सहायक म्हणाले. "तालुक्याच्या कचेरीत. साहेबांनी तिथून आणलं. तुमचं पत्र आलं तेव्हा माझी आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. साहेब दमून आले होते. मीच उत्तर लिहिलं आणि दाखवायला नेलं."

"मंग? साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, चांगलं आहे, पाठवा."

"वाचलं काय त्याईनं?"

सहायकांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "डोळे मिटलेले होते," ते म्हणाले.

"अकराच्या अकरा तुमचीच?"

"हो. साहेब पडले की मी तुमच्या पत्राची वाट बघायचो. बाकी कोणी लिहीत नसे तेव्हा."

काकांनी नाक ओढलं. मग खिशातून दुसरा कोरा कागद काढून त्यांच्यापुढे सरकवला. "सही करा."

"आत्ताच तर केली."

"ते साहेबाची. आता तुमची करा."

"माझी कशाला? माझी बँकेत आहे."

"मंग मी बँकेत जाऊ काय?"

सहायक हसले आणि पेन टेकवलं. हाताने मोठं वळण घेतलं, साहेबांचं. अर्ध्यावर थांबून त्यांनी ते खोडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच वळण. "हात तिकडेच जातो," ते ओशाळून म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांनी एकेक अक्षर सावकाश लिहिलं, आडनावापर्यंत, आणि कागद लांब धरून पाहिला. पन्नास माणसं बाहेर ज्यांच्या सहीसाठी थांबली होती, ते गृहस्थ काकांना विचारत होते, "बरी आली का?"

काका वाकले. "वेलांटी भ्याली हाय," ते म्हणाले. "होते सवयीनं. आता या अकरांवर करा. आहे त्या सहीच्या खाली. पहिले करिता लिहा, मंग तुमचं नाव."

या पत्रांजवळ हळदीच्या हाताने कोणाला फिरकू न देणारा हा माणूस. मला राहवलं नाही. "काका, पत्रं खराब होतील."

"खराबच होती वं. आता दुरुस्त होऊन राहिली."

"साहेबांना आवडणार नाही," सहायक म्हणाले.

"साहेबांनी कवा वाचली जी?"

सहायकांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग उठले, कानावरचं स्वतःचं पेन काढलं, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि पहिल्या पत्रावर 'करिता' लिहिलं. खाली नाव. काकांनी शाईवर फुंकर घातली आणि पत्र माझ्याकडे दिलं. दुसरं. तिसरं. चौथ्यापाशी ते थांबले, पत्र वरपासून खालपर्यंत वाचलं, एक शब्द आज वेगळा घातला असता असं काहीतरी पुटपुटले, आणि सही केली. सातव्यापासून हात थांबेना. नवव्यावर आडनावाच्या शेवटच्या अक्षराला एक छोटं शेपूट आलं, दहाव्यावर ते अजून थोडं लांब झालं. काकांनी माझ्याकडे पाहून भुवई वर केली. लेबलावर काय लिहायचं ते मला आता विचारावं लागणार नव्हतं.

बाहेर हिरवळीवर घंटी वाजली. थोड्या वेळाने पुन्हा वाजली. शिपायाने दारातून डोकं आत घातलं. "साहेब बोलावतात."

सहायकांनी अकरावं पत्र पुढे ओढलं. मान वर केली नाही.

"सांग त्यांना, सह्या करतोय."

शिपायाने मान हलवली आणि गेला. इतकी वर्षं तो हाच निरोप घेऊन जात असणार, त्याला त्यात नवीन काहीच वाटलं नाही.